साउंडवाल्या दादांना, त्या मल्टिमीटरसाठी

दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्या बँडचा शो संपल्यावर जो तो म्हणत होता, "काय एनर्जी होती!" कौतुक गायकाचं झालं, ड्रमरचं झालं. तुम्ही मात्र एका कोपऱ्यात केबली गुंडाळत होतात. त्या एनर्जीत तुमचा वाटा किती मोठा होता, ते सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

गॅरेज रॉकचा, म्हणजे आमच्या या रांगड्या, खरखरीत रॉकचा गायक माइकपासून हातभर लांब उभा राहून गात नाही. ओठ जाळीला टेकलेले, गळ्यात गिटार, बोटं तारांवर, अंग घामाने निथळणारं. माइकची जाळी पीएच्या (प्रेक्षकांसाठीच्या साउंड सिस्टिमच्या) अर्थिंगला जोडलेली, गिटारच्या तारा अँपच्या (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या) अर्थिंगला. त्यातलं एक अर्थिंग तुटलेलं असेल, तर करंटला वाट मिळते ती गायकाच्या ओठांतून. १९७२ मध्ये स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी याच कारणाने भर स्टेजवर गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा ओला हात लागला होता.

आणि आमच्या वाट्याला आलेला सल्ला काय? "झटका बसतो? फोमची टोपी घाला माइकला." घामाने भिजलेला फोम कसला वाचवतोय! दुसऱ्या एका ठिकाणी तर हमिंग जावं म्हणून अँपच्या थ्री पिनची जाड पिनच काढून टाकली होती. हमिंग गेलं, कारण दोन अर्थिंगमधला लूप, म्हणजे हमिंग आणणारी बंद कडी, तुटला. पण त्याबरोबर अँपच्या पत्र्याला असलेली एकमेव सुरक्षित वाटही गेली. उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन फाटलं तर फ्यूज उडणार नाही आणि २३० व्होल्ट थेट तारांवर येतील. लूप तोडायचाच असेल तर तो डीआय बॉक्सवरच्या (गिटारचा सिग्नल कन्सोलकडे नेणाऱ्या डबीवरच्या) ग्राउंड लिफ्ट या बटणाने तोडायचा. तिथे फक्त सिग्नलच्या केबलची शील्ड, म्हणजे बाहेरची जाळी, सुटते, मेन्सचं अर्थिंग शाबूत राहतं. बेसला तुम्ही नेमकं हेच केलंत.

पण मनात घर करून राहिलाय तो तुमचा मल्टिमीटर. कुणी न सांगता तुम्ही स्टेजवर आलात, मीटर एसीवर ठेवलात, एक प्रोब माइकच्या जाळीला लावलात, दुसरा गिटारच्या तारांना. गिटार जोडलेली, अँप चालू. तिथे आकडा शून्याच्या आसपास हवा. तो शंभराच्या वर गेला. मग स्टेजमागच्या सॉकेटमध्ये पाहिलंत: फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ काहीच नाही. अर्थिंगचं भोक होतं, त्याच्या मागे वायर नव्हती. कन्सोलच्या (साउंडच्या टेबलाच्या) विजेच्या बोर्डावरून थ्री-कोअर, म्हणजे अर्थिंगसह तीन तारांची, एक्स्टेंशन ओढून तुम्ही दोन्ही अँप त्यावर घेतलेत, पुन्हा मोजलंत, आणि गायकाला एवढंच म्हणालात, "आता बिनधास्त गा." तो तसाच गायला. झटक्याच्या भीतीने जो गायक मान मागे ठेवून गातो, त्याचा आवाज निम्मा माइकबाहेरच राहतो.

आवाज कमी करा म्हणून तुम्ही एकदाही ओरडला नाहीत, हेही सांगायला हवं. ३० वॉटचा ट्यूब अँप फार खाली आणला की पॉवर ट्यूबवर ताणच येत नाही, आणि आमच्या संगीताचा तो खरखरीत, दाबून येणारा सूर मरतो. तुम्ही अँप खुर्चीवर चढवून मागे कलता केलात. बारा इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. अँप जमिनीवर असला की तो झोत गिटारवाल्याच्या गुडघ्यावर आणि पहिल्या रांगेच्या कानात. त्याला स्वतःला ते वरचे सूर ऐकू येत नाहीत, म्हणून तो वाढवत जातो. झोत कानावर आला आणि त्याने आपणहून व्हॉल्यूम उतरवला.

गायक जोशात येऊन माइकची जाळीच मुठीत धरायचा. तशाने मागची छिद्रं बंद होतात, माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी वाजते. तुम्ही टॉकबॅकवरून (कन्सोलवरून स्टेजशी बोलायच्या माइकवरून) झापलं नाहीत. जवळ येऊन मूठ जाळीच्या खाली कुठे धरायची ते दाखवलंत आणि मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, बरोबर माइकच्या पाठीमागे सरकवलात, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक तिथेच सगळ्यात बहिरा असतो.

एमसी५ या अमेरिकन रॉक बँडने आपला पहिला अल्बम स्टुडिओत केला नाही. ३० आणि ३१ ऑक्टोबर १९६८ ला डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये, समोर गर्दी असताना रेकॉर्ड केला. असलं संगीत गर्दीसमोरच पेटतं. ते पेटू देऊन माणसं सुखरूप ठेवणारा कुणीतरी कन्सोलमागे लागतो.

तुम्ही हीच तपासणी आमच्या आधी वाजवणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठीही केलीत. त्यांचं नाव पोस्टरवर अगदी बारीक होतं, मानधन तर नव्हतंच. त्यांच्या स्वस्तातल्या अँपलाही तेवढाच वेळ, तेवढीच आस्था. असा चांगुलपणा या धंद्यात क्वचित दिसतो, आणि दिसला की ऊर भरून येतो.

पुढच्या शोला पंधरा मीटरची थ्री-कोअर एक्स्टेंशन आम्ही आणतो, अँपसाठी कलता स्टँडही. मीटर मात्र तुम्हीच लावा.

तुमचे,
बँडमधले चौघे