बर्फाळ सायकलमार्गांवरही मीठ टाकावे

महोदय,

शिक्षण वा नोकरीसाठी महाराष्ट्रातून इंग्लंडला येणारे अनेक तरुण बसभाडे वाचवण्यासाठी सायकल घेतात. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्याच सायकलवरून कामावर जाणे किती धोक्याचे असते, हे त्यांना आधी कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. पारा शून्याखाली जाण्याचा अंदाज असला की मुख्य रस्त्यांवर जाडे मीठ पसरले जाते, मात्र सायकलमार्ग अनेक ठिकाणी तसेच सोडले जातात. डांबरावर गोठलेला पातळ बर्फ काळोखात दिसत नाही आणि वळणावर पुढचे चाक सरकले की सावरायला अवधीच मिळत नाही.

सार्वजनिक रस्त्यांवर बर्फामुळे ये-जा धोक्यात येऊ नये, यासाठी शक्य तेवढी खबरदारी घेणे १९८० च्या महामार्ग कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीने स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले आहे; सायकलस्वारांना त्यात शेवटचे स्थान देणे मला अन्यायाचे वाटते. कोरडे मीठ मोटारींच्या चाकांखाली भरडले जाऊन लवकर विरघळते आणि सायकलमार्गावर तेवढी वर्दळ नसते, ही अडचण खरी आहे. परंतु डेन्मार्कमध्ये त्यासाठी मिठाचे द्रावण फवारतात. तशी व्यवस्था इथे होईपर्यंत नव्याने येणाऱ्यांनी गोठलेल्या सकाळी सायकल घरीच ठेवावी, ही कळकळीची विनंती.

— एक मराठी वाचक, इंग्लंड