धबधब्याचा दिवस: प्लॅन नीट वाचा

आई, बाबा,

बाबांचा व्हॉइस मेसेज ऐकला. "गाडीतच किचन आहे, संडास आहे, मग सरळ धबधब्यासमोर नेऊन लाव की, तिथेच चहा करू." बाबा, आयडिया झकास आहे पण तसं होणार नाहीये, आणि फोनवर तुम्ही मला पुढचं बोलूच देत नाही म्हणून सगळं लिहूनच काढतोय. आत्यालाही नाशिकला फॉरवर्ड करा, तिला अजून वाटतंय आपण टेम्पो ट्रॅव्हलरने जाणार.

धबधब्याचं नाव मल्टनोमा. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरापासून पूर्वेला साधारण ३० मैल, म्हणजे आपलं इंदूर-उज्जैन धरा, त्याहून जरा कमीच. कोलंबिया नदीच्या काठाकाठाने आय-८४ हायवे जातो आणि त्याला लागूनच हा ६२० फुटांचा धबधबा आहे, वरचा टप्पा ५४२ फूट आणि खालचा ६९. आपलं इंदूरजवळचं पातालपाणी ३०० फूट धरलं तरी डबलच्या वर झालं ना. आणि मे महिन्यात पातालपाणीला काय असतं, नुसते काळे दगड आणि माकडं. इथे तसं नाही, वर लार्च माउंटन म्हणून डोंगर आहे त्याच्या पोटातले झरे बारा महिने चालू असतात, त्यात पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळतो, त्यामुळे आपण येऊ तेव्हा पाणी दणकून असेल.

आता गाडीचं. पार्किंग एक्झिट ३१ ला आहे आणि हा एक्झिट उजवीकडे नाही, डावीकडे निघतो, कारण लॉट हायवेच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या लेनच्या मधोमध आहे, तिथे गाडी लावायची आणि रस्त्याखालच्या बोगद्यातून चालत पलीकडे जायचं. लॉट भरला की एक्झिटच बंद करतात. कार असेल तर ठीक आहे हो, निघून जाता येतं, आपली आरव्ही, म्हणजे ही किचन-पलंगवाली घरासारखी गाडी, साधारण २५ फूट लांब आणि ११ फुटांच्या वर उंच, एवढ्या मोठ्या गाड्यांना तिथे जागा मोजकीच, आत शिरलो आणि जागा नाही मिळाली की मागे गाड्यांची लाइन, बाबा खाली उतरून "आने दो आने दो" करतायत आणि मला आरशात फक्त बाबाच दिसतायत, हे मला आत्ताच डोळ्यासमोर येतंय. दुसरा रस्ता म्हणजे जुना हायवे, १९१३ ते २२ मध्ये बांधलेला, दिसायला फार सुंदर पण अरुंद, वळणावळणाचा, तिथे तर मी ही गाडी अजिबात नेणार नाही. त्यात या खोऱ्यात वारा जबरदस्त असतो, उंच गाडी असली की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं.

म्हणून ठरवलंय असं की गाडी धबधब्यापर्यंत न्यायचीच नाही. १३ मैल पुढे कॅस्केड लॉक्स नावाचं छोटं गाव आहे, तिथे नदीकाठी कॅम्पग्राउंड आहे, आदल्या संध्याकाळी तिथे गाडी लावू, लाइट-पाण्याचं कनेक्शन जोडू आणि मग दुसऱ्या दिवशी गाडीला हातच लावायचा नाही. गावातून कोलंबिया गॉर्ज एक्सप्रेस नावाची बस मिळते, ती सरळ मल्टनोमाला सोडते. मेच्या शेवटच्या लाँग वीकेंडपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मध्ये तिथे गाडी लावायला टाइम स्लॉटचं परमिट काढावं लागतं, बसने आलेल्यांना ते लागत नाही. आपण त्याच्या आधीच जातोय म्हणा, तरी लोकांची गर्दी असतेच, मी मुद्दाम मंगळवार-बुधवार बघितलाय. सकाळची पहिली बस पकडायची, हे आत्याला खास सांगा, तिचं आंघोळ-पूजा-चहा करता करता साडेदहा वाजतात.

आई, तू घाबरू नकोस. २०११ ला पातालपाणीला अचानक लोंढा येऊन लोक वाहून गेले तेव्हापासून तू धबधबा म्हटलं की नको म्हणतेस, मला माहीत आहे. इथे पाण्यात उतरायचंच नसतं. खाली लॉजसमोर सपाट जागा आहे, तिथून सगळा धबधबा मान वर करून दिसतो, बाबांचे गुडघे कुरकुरले तर तिथेच बाकावर बसा, काही चुकणार नाही. बरं वाटलं तर पाव मैलाच्या आत पक्का चढाव चढून बेन्सन ब्रिजवर जाता येतं, तो १९१४ चा पूल दोन्ही टप्प्यांच्या मधे आहे, म्हणजे वरचं पाणी समोर आणि खालचं पायाखाली, वाऱ्याची दिशा फिरली की तुषार थेट चष्म्यावर येतात आणि मोबाइल पुसायला कोरडा कपडाच उरत नाही, त्यामुळे गर्दीत पोरं ओरडत असतात, आपल्या चिनूने तर मागच्या खेपेला जीभ बाहेर काढून तोंडच उघडं ठेवलं होतं. त्याच्यावरची वाट माथ्यापर्यंत जाते, एक मैलाहून जास्त आणि अकरा वळणं, ती मी आणि चिनूच करू. १९९५ ला तिथे वरच्या कुंडात बसएवढा दगड कोसळला होता, एक लग्नाची वरात फोटो काढत होती त्यांच्यावर पाणी आणि खडी उडाली, लोक जखमी झाले पण वाचले सगळे. (हे आईला वाचून दाखवू नका.)

लॉज १९२५ चं आहे, दगडी. २०१७ ला फटाक्यामुळे जंगलाला आग लागली ती लॉजच्या पार जवळ आली होती, फायरब्रिगेडवाल्यांनी रात्रभर पाणी मारून वाचवलं. वरच्या डोंगरावर जळके खोड अजून दिसतात.

जेवणाचं, लॉजमध्ये रेस्टॉरंट आहे पण महाग, आपण डबाच नेऊ. पोहे आणि कांदे इथे मिळतात, जीरावन मसाल्याची पुडी मात्र तिकडूनच आणा, आणि रतलामी शेव जाड वाली, बारीक नको. सॅलड-बिलड मी बघतो. कपडे, मेमध्ये पण स्वेटर आणि एक रेनकोट प्रत्येकाला, ऊन पडलं तरी सकाळी थंडी बोचरी असते आणि पाऊस कधीही भुरभुरतो. आई, त्या चपला नकोत ज्या तू मांडूला नेल्या होत्यास, मागे पट्टा असलेले बूट घे, पूल कायम ओला असतो.

धबधब्याच्या दुसऱ्या दिवशी परतताना बॉनव्हिल धरणाला थांबू, तिथे माशांना धरण ओलांडायला पाण्याच्या पायऱ्यांची शिडी केलीय, काचेमागून मासे ती चढताना दिसतात, मेमध्ये साल्मनचा हंगाम असतो, आणि शेजारच्या हॅचरीत, म्हणजे मासे वाढवतात तिथे, हर्मन नावाचा स्टर्जन मासा आहे, दहा फूट लांब, वय ऐंशीच्या वर. बाबा, तुमच्याहून मोठा. तिकीट नाही.

बाकी सगळं होऊन जाईल. आत्याचं नक्की आहे की नाही एवढं मला रविवारपर्यंत सांगा, कारण ड्रायव्हरच्या डोक्यावर जो पलंग आहे त्यावर शिडीने चढावं लागतं आणि तिथे कोण झोपणार हे ठरल्याशिवाय मला गाडीचा नेमका साइज फायनल करता येत नाही.

तुमचा,
मंदार