मुदत संपलेल्या खुनांचा छंद

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी मालिकांवर आलेल्या लेखात कोरियन आणि तुर्की मालिकांना भरपूर जागा मिळाली, जपानचा मात्र एका ओळीत निकाल लागला. ती उणीव भरून काढावी एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता ते आमच्या डिचोलीच्या एका देवळापर्यंत येऊन पोचले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

पुतण्याने मला आग्रहाने दाखवलेल्या एका जपानी मालिकेचे नाव ‘जिको केइसात्सु’. ‘जिको’ म्हणजे खटला भरण्यासाठी कायद्याने घातलेली मुदत उलटून जाणे आणि ‘केइसात्सु’ म्हणजे पोलीस. टीव्ही असाही या वाहिनीने ती जानेवारी २००६ पासून शुक्रवारी रात्री उशिरा दाखवली. पहिल्या पर्वाचे अवघे नऊ भाग आहेत. दुसरे पर्व २००७ साली आले आणि तिसरे तब्बल बारा वर्षांनी, २०१९ साली. ओदागिरी जो या नटाने साकारलेला किरियामा हा शिपाईगडी ज्या विभागात काम करतो, तिथे मुदत संपलेल्या खटल्यांची कागदपत्रे सांभाळण्यापलीकडे काहीच काम नाही. आपल्याला कसलाच छंद नाही, या जाणिवेने अस्वस्थ होऊन हा माणूस त्याच कागदांतले जुने खून सुट्टीच्या दिवशी उलगडायचे ठरवतो. साक्षीदारांच्या दारात उभा राहून तो आधीच सांगून टाकतो, की हा तपास नव्हे, हा माझा छंद आहे. सोबतीला वाहतूक विभागातली मिकाझुकी असते (आसो कुमिकोने ही भूमिका फार गोड केली आहे). तिला छंदापेक्षा छंदिष्टात जास्त रस आहे, हे त्याला सोडून सगळ्यांना कळते.

तीस वर्षे न्यायालयात कारकुनी केलेल्या माझ्यासारख्याला या मालिकेत पहिल्यांदा दिसला तो कायदा. जपानमध्ये खुनाच्या गुन्ह्यालाही मुदत होती. ती २००४ अखेरपर्यंत पंधरा वर्षे होती, २००५ पासून पुढच्या गुन्ह्यांसाठी पंचवीस वर्षे झाली, आणि मृतांच्या नातेवाइकांनी लावून धरल्यानंतर २७ एप्रिल २०१० रोजी खुनासारख्या गुन्ह्यांची मुदत साफ काढून टाकण्यात आली. त्या दिवशी ज्यांची मुदत उलटलेली नव्हती, अशा जुन्या गुन्ह्यांनाही हा बदल लागू झाला. टोकियोच्या सेतागाया भागात ३० डिसेंबर २००० च्या रात्री एकाच घरातील चौघांची हत्या झाली होती. जुना कायदा राहिला असता तर २०१५ संपताना तो खुनी मोकळा झाला असता. आज तो सापडलेला नाही, पण त्याच्या नावाची जागा कोरी ठेवून तपास चालू आहे. ज्यांची पंधरा वर्षे आधीच भरली होती, त्यांना मात्र कायदा हात लावू शकला नाही. त्यामुळे २०१९ साली किरियामा पडद्यावर परतला तेव्हा त्याच्या छंदाला एप्रिल १९९५ पर्यंतचेच खून उरले होते. हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला आणि मालिकावाल्यांना मनातल्या मनात शाबासकी दिली.

प्रत्येक भागाच्या शेवटी किरियामा चष्मा काढतो आणि खुन्यासमोर सगळा घटनाक्रम उलगडून सांगतो. खुनी कबूल होतो. मग हा गृहस्थ खिशातून एक छोटे कार्ड काढतो, त्यावर ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे लिहिलेले असते, आणि त्यावर स्वतःचा शिक्का उमटवून ते खुन्याच्याच हाती देतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी हसलो. मालिका विनोदीच आहे, दिग्दर्शक मिकी सातोशी यांचा विनोद तर इतका आडवळणाचा, की आमच्या घरातले निम्मे लोक दुसऱ्या भागालाच उठून गेले. तिसऱ्या-चौथ्या भागापासून मात्र मला त्या कार्डाचा राग येऊ लागला. मेलेल्याच्या माणसांचे काय? पंधरा वर्षे ज्यांनी वाट पाहिली त्यांना सांगायचे सोडून, ज्याने मारले त्यालाच गुप्ततेची हमी कशासाठी? कायद्याची मुदत संपली की शिक्षा संपते, एवढे मला समजते. काय घडले हे कळण्याचा घरच्यांचा हक्कही त्याच दिवशी संपतो, हे मात्र पटत नाही. विनोदाच्या आडून मालिकेला हेच बोचवायचे असेल, असे मी आता समजून घेतो.

याच विषयावरची गंभीर मालिका हवी असेल त्यांनी फुजी टीव्हीची २०१० ची ‘झेत्ताई रेइदो’ पाहावी. टोकियो पोलिसांनी २००९ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या अनुत्तरित गुन्ह्यांसाठी खास पथक उभारले, त्याच पथकाची ही कथा आहे. उएतो आया तिची नायिका आहे. काही भाग रेंगाळतात.

आता देवळाकडे येतो. १९९८ साली आमच्या वाड्यावरच्या देवळातून चांदीची प्रभावळ चोरीला गेली. महाजनांनी (म्हणजे देवस्थान चालवणाऱ्या घराण्यांनी) तक्रार नोंदवली, देवस्थानांचे प्रशासक या नात्याने मामलेदारांना कळवले, पंचनामा झाला, आणि वर्षाच्या आत ‘अ समरी’चा कागद आला. गुन्हा घडला हे खरे, पण गुन्हेगार सापडत नाही, असा या दोन शब्दांचा अर्थ. अशा कागदांचे गठ्ठे मी नोकरीत स्वतःच्या हाताने बांधले आहेत, म्हणून मला तो इतरांपेक्षा लवकर समजला. माझे थोरले काका समितीवर होते. दर जत्रेला ते पोलीस स्थानकात जाऊन विचारत, आणि दर वेळी नवा अंमलदार त्यांना पहिल्यापासून सगळे सांगायला लावी. ते गेल्यावर कोणी विचारायला गेले नाही.

मुद्दा असा, की या चोरीला आपल्या कायद्यात मुदत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ ने मुदत घातली ती तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना. इमारतीत शिरून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खुनाला तर मुदतीचा प्रश्नच नाही. म्हणजे किरियामाच्या कपाटातली प्रकरणे कायद्याने मेलेली होती आणि आमच्या प्रभावळीचे प्रकरण आजही जिवंत आहे, फक्त ते उघडून पाहायला कोणाला सवड नाही.

जुने कागद आणि जुना मुद्देमाल जपण्याची किंमत गोव्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको. फोंडा तालुक्यातला ज्याला वृत्तपत्रांनी ‘दुपट्टा किलर’ म्हटले, तो २००९ साली पकडला गेला तेव्हा सोळा स्त्रियांच्या खुनांचा संशय त्याच्यावर आला, आणि त्यांतला सर्वांत जुना १९९४ सालचा होता. मधल्या पंधरा वर्षांत त्यांतल्या कित्येक जणी कागदोपत्री नुसत्या बेपत्ता राहिल्या. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, बऱ्याच खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला. इतक्या वर्षांनी पुरावा आणायचा कुठून, हे न्यायालयात बसून ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांना बंधनकारक आहे. ही तरतूद चांगली आहे, पण ‘अ समरी’ झाल्यानंतर पाच, दहा, वीस वर्षांनी काय? प्रत्येक पोलीस स्थानकाने आपल्या ‘अ समरी’च्या गठ्ठ्यातून वर्षाला एक, फक्त एक प्रकरण बाहेर काढावे, नव्या नजरेने वाचावे, आणि हाती काही लागो वा न लागो, फिर्यादीला दोन ओळींचे पत्र पाठवावे, अशी माझी गृह खात्याला विनंती आहे. त्यासाठी वेगळे पथक लागणार नाही, एक वाचणारा हवालदार पुरे.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या दैनिकात हरवले-सापडलेच्या जाहिराती येतात, तसा महिन्यातून एकदा उलगडा न झालेल्या जुन्या गुन्ह्यांसाठी एक रकाना ठेवता आला तर पाहावे. १९९६ च्या जत्रेतला प्रभावळीचा स्पष्ट फोटो आमच्याकडे आहे. डाव्या बाजूच्या मोराची चोच मोडलेली आहे, ती खूण सोनाराला लगेच ओळखू येईल. रकाना सुरू झाल्यास पहिला फोटो मी पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कारकून,
डिचोली, गोवा