उद्यमनगरातल्या मेस्त्रींना, जुन्या पिकअपवाल्यांकडून

मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही ते न वाचताच ग्रीसच्या डब्याखाली सरकवलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितो आहोत. लिहिणारे आम्ही म्हणजे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गूळ, भाजी आणि खत वाहणाऱ्या जुन्या पिकअपचे मालक. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, काढावा लागतो, आणि दर फिटनेसच्या तोंडावर 'आता विकून टाका' हा सल्ला फुकट मिळतो. तुम्ही तो कधी दिला नाही. तुम्ही आधी मीटर लावला, दोष कुठे आहे ते दाखवलं आणि मगच पाना उचलला. आभार त्याचे आहेत. काय काय दाखवलंत ते इथे सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्यापर्यंत न पोचलेल्या गाडीवाल्यांच्याही ते उपयोगी पडेल.

सुरुवात अर्थिंगपासून, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वाटेपासून. जुन्या गाडीचा सेल्फ सकाळी जड फिरायला लागला की ठरलेलं उत्तर येतं, बॅटरी गेली. नवी बॅटरी टाकली की काही दिवस बरं चालतं, कारण ताज्या बॅटरीचा जोर वाटेतला अडथळा झाकून टाकतो. मग पुन्हा तेच, आणि आता नंबर सेल्फचा. तुमची रीत अशी : रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जात नसेल तर तिच्यात दमही आहे. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवायची, क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढायची आणि चार-पाच सेकंद सेल्फ मारायचा. मीटर ०.२ व्होल्टच्या वर गेला तर दोष परतीच्या वाटेत आहे. मग तीच वाट तुकड्यातुकड्याने मोजायची : खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते चासी, चासी ते इंजिन. आकडा जिथे उडी मारतो तिथे बिघाड.

बहुतेक वेळा तो इंजिन आणि चासी जोडणाऱ्या पट्टीत निघतो. वरून पट्टी धड दिसते, पण बोल्टखाली गंज आणि रंग असतो. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली तर मीटरही नको, कारण मोठ्या वाटेने जाता न आलेला करंट त्या बारीक तारेतून परत जात असतो. इलाज स्वस्त आहे. ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग (बोल्टमध्ये अडकवायच्या धातूच्या टोप्या), दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत घासलेल्या, दातेरी वॉशर, आणि नट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळणारे बरेच असतात. तसं करू नये. पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालते.

हेडलाइटचीही गोष्ट हीच. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे आठ-नऊ ॲम्पिअर, आणि ते इतक्या वर्षांच्या बारीक वायरमधून. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.५ व्होल्ट मिळत असतील आणि बल्बच्या पाठीमागे १२.१ च, तर दहा टक्के व्होल्टेज वाटेतच गेलं. उजेड मात्र दहा टक्क्यांनी घटत नाही, तो जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. हॅलोजनचा तो स्वभाव आहे. हे न मोजता लोक १००/९० चे बल्ब घालतात. मग करंट वाढतो, घट आणखी वाढते, आणि शेवटी स्विच किंवा होल्डर वितळतो.

तुम्ही दोन चारपिनी रिले बसवायला शिकवलंत, एक डिपरला, एक अपरला. रिले म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीतून थेट २.५ चौरस मिमीची वायर आणि त्यावर १५ ॲम्पिअरचा फ्यूज. तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, नाहीतर फ्यूजच्या अलीकडे वायर घासली तर तिला वाचवणारं कुणी नाही. ८७ नंबर बल्बकडे. ८६ ला जुन्या होल्डरमधून येणारी स्विचची वायर, ८५ अर्थला. बल्बची अर्थसुद्धा नवी आणि तेवढ्याच जाडीची. त्याआधी स्विच पॉझिटिव्ह बाजू तोडतो की अर्थची, हे तपासायचं, कारण काही गाड्यांत ते उलटं असतं आणि तिथे ही जोडणी चालत नाही. रिलेचं तोंड खाली ठेवायचं, म्हणजे पाणी आत साचत नाही. एवढं झालं की साधे ६०/५५ चे बल्बच पुरतात. एलईडीचा बल्ब मात्र तुम्ही कुणालाच बसवून दिला नाहीत. जुन्या काचेतला आरसा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड भलत्या जागेवरून निघतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आंबा घाटातल्या धुक्यात तर तो आपल्याच डोळ्यांवर परततो.

आता पाट्यांकडे, म्हणजे ॲक्सलवर गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त चुकीची कामं इथेच होतात. गाडी मागे बसायला लागली की एक पाटा वाढवून घ्यायचा, ही आपल्याकडची सवय. तुम्ही प्रत्येकाला आधी विचारलंत की पाटे खरंच थकलेत, की ते ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट सैल आहेत? यू बोल्ट सैल असले की पाटे मधोमध हलतात, आणि पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी सगळा ताण जमतो. पाटा तिथेच तुटतो, नाहीतर सेंटर बोल्टच कापला जातो आणि ॲक्सल मागे सरकून गाडी तिरकी चालते. नवा पाटा टाकून जुनेच यू बोल्ट वापरले तर महिन्याभरात पुन्हा तेच. एकदा ताणलेला यू बोल्ट पकड धरत नाही. नवे घ्यायचे, नट फुलीच्या क्रमाने आवळायचे, शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याने करायची, आणि पहिली भरलेली फेरी झाली की पुन्हा तपासायचे. पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्टही गाडी चाकांवर असतानाच आवळायचे. जॅकवर लटकत्या पाट्यात आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो.

बुशवरून आठवलं. उद्यमनगरात लेथवर काय वाटेल ते बनवून मिळतं, आणि कधीकधी तीच अडचण होते. रबरी बुश टिकत नाही म्हणून पितळी करून घेणारे आहेत. पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलला ग्रीसची सोय असेल तर पितळ चालतं. जिथे रबराने पिळायचं असतं तिथे पितळ बसवलं की सगळा धक्का चासीच्या ब्रॅकेटला जातो आणि तिथे तडा येतो. स्वतःचा लेथ असूनही तुम्ही असली कामं परत पाठवलीत.

पाटा वाढवल्याचा जो परिणाम आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितला नव्हता, तो ब्रेकवरचा. मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जाते. माल भरला की चासी खाली येते, दांडी फिरते, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. पाटे कडक केले की माल भरूनही चासी पुरेशी खाली येत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर पडतं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पुढून जळका वास येतो आणि लोक पॅडच्या कंपनीला शिव्या घालतात. म्हणून पाट्याचं काम झालं की त्या दांडीची लांबी पुस्तकाप्रमाणे पुन्हा जुळवायची, आणि ती गंजून अडकलेली नाही ना हे हाताने हलवून बघायचं. काही गॅरेजांत ती दांडी सरळ तारेने बांधून टाकलेली असते. त्याबद्दल तुम्ही जे बोलता ते इथे छापण्यासारखं नाही. आणि पाटा वाढला म्हणून आरसी बुकावरचं वजन वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग आणि ड्रम तेच राहतात.

ब्रेकच्या बाकीच्या बाबी थोडक्यात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर १५५ ला उकळू शकतं, आणि घाटात ब्रेकचं पॅडल जमिनीला टेकतं ते यामुळे. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. ब्रेकचा ड्रम लेथवर टर्निंगला देण्याआधी त्यावर कोरलेला कमाल व्यास वाचायचा. त्याच्या पुढे गेलेला ड्रम भंगारात.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिनातलं पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेबद्दल एकच. गाडी तापते म्हणून तो काढून टाकणारे गावोगाव आहेत. तो नसला की इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं, आणि तापण्याचं खरं कारण म्हणजे बोअरच्या पाण्याच्या क्षाराने बुजलेला रेडिएटर तसाच राहतो. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगून, शेजारी थर्मामीटर धरून तपासता येतो. त्यावर कोरलेल्या आकड्याला तो उघडायला लागला पाहिजे. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

पुराच्या पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक बंद झाली. पाण्यातून काढलेल्या गाड्या नंतर महिनाभर बऱ्या चालल्या, आणि मग डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलमधले गिअर, ओरडायला लागले. कारण तुम्ही समजावलंत. चालून गरम झालेलं हाऊसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायला ठेवलेल्या तोंडातून), सीलमधून पाणी आत ओढते. ऑइल दुधाळ होतं, आणि गिअरच्या दातांवर थर टिकत नाही. अशा गाडीचं ऑइल लगेच काढायचं. पण त्यातही क्रम आहे : आधी वरचा, भरायचा नट सुटतो का ते बघायचं. खालचा सोडून ऑइल ओतून दिलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. नवं ऑइल जीएल-५ दर्जाचं, पुस्तकातल्या ग्रेडचं, भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. तेच उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये घालायचं नाही. गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलेलं असेल तर तेच घालायचं, कारण जीएल-५ मधली रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगांना मानवतीलच असं नाही.

पुढच्या पुरासाठी तुम्ही ब्रीदरच्या जागी नळी लावून दिलीत. ऑइल सोसणारी रबरी नळी, ॲक्सलवरून चासीला बांधत थेट हौद्याच्या पुढच्या फळीपर्यंत वर, आणि टोक खाली वळवलेलं. ॲक्सल पूर्ण खाली लटकला तरी नळीला ताण येऊ नये एवढी ढील. खर्च म्हटला तर नळी आणि दोन क्लिपांचा. आणि पाणी इंजिनात शिरल्याचा नुसता संशय असला तरी सेल्फ मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढायचे, मग इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं.

हौद्याचं दुखणं आमच्या मालामुळे. युरिया आणि पोटॅश सांडतं, गुळाचा ओलावा उतरतो, वरून रबरी मॅट असते, आणि तिच्याखाली पत्रा चाळणी होतो. मॅट दर आठवड्याला उचलून धुवायची, पाणी निघायची भोकं तारेने मोकळी ठेवायची, फाळक्याच्या बिजागऱ्यांना तेल. गंज धरला असेल तर वायर ब्रश, मग गंज मारणारं फॉस्फोरिक ॲसिड, ते धुऊन पूर्ण वाळवायचं, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. गंजावर थेट काळा रंग मारला तर फिटनेसपुरतं दिसतं, आत काम चालूच राहतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह आणि डायनामोची वायर काढायची, आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या जवळच लावायचा. तो दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्यावर डाग पाडतो. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, आडवा वेल्ड मारायचा नाही. तडा तिथूनच सुरू होतो.

तुम्ही नाकारलेल्या कामांचेही आभार. हौदा लांबवून द्या, मोठं इंजिन बसवून द्या, असं म्हणणाऱ्यांना तुम्ही मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ सांगून परत पाठवलंत. आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल केला की अपघातानंतर विम्याच्या दारात काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता मे महिन्यात, पावसाच्या आधी, सगळ्यांच्या ब्रीदरच्या नळ्या आणि ब्रेकच्या दांड्या एकदा तुमच्या नजरेखालून घालायच्या आहेत. दिवस तुम्ही सांगा. ऑइल, ड्रेनचे नवे वॉशर आणि जुनं ऑइल धरायला डबे आम्ही घेऊन येतो. मजुरीचं या वेळी तरी टाळू नका.

आपले,
मार्केट यार्डातले जुने पिकअपवाले