जुन्या ट्रकला किट बसवण्याआधी त्याची ओळख पटवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी कराडचा ऑटो इलेक्ट्रिशियन. एकेचाळीस वर्षं डायनामो, सेल्फ, वायरिंग हेच माझं काम. गेल्या महिन्यात एक डॉज ट्रक टोचन लावून माझ्या दारात आला. त्याची हकिकत आपल्या वाचकांपर्यंत जावी म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ट्रक वाईकडच्या एका शेतकरी घराचा. आजोबांनी घेतलेला, हळद आणि गूळ वाहिलेला. त्या काळी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज, फार्गो, डीसोटो तयार व्हायच्या. पुढे कितीतरी ट्रकांची पेट्रोल इंजिनं उतरवून पर्किन्सची डिझेल इंजिनं चढवली गेली. या घराने मात्र सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन जिवापाड जपलं. नातवाला ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा होता. प्लगला ठिणगी मिळावी म्हणून दर वेळी करंट तोडणारे पॉइंट घासायची कटकट नको, म्हणून त्याने घरबसल्या त्यांच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवलं. स्विच ऑन केला आणि ते जळलं. दुसरं मागवलं, तेही पसरणीच्या घाटात गेलं. दोन्ही वेळा गॅरेजवाला म्हणाला, ‘गाडीच जुनी आहे, हिला काही चालायचं नाही.’

गाडीचा काहीही दोष नव्हता. तिच्यात काय आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं.

क्रायस्लरच्या जुन्या गाड्या, म्हणजे डॉजसुद्धा, साधारण १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या असायच्या आणि त्यांच्या बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेला असायचा. या ट्रकवर नातवाच्या वडिलांनी कधीतरी १२ व्होल्टची बॅटरी आणि डायनामो बसवला, पण प्लस बॉडीलाच ठेवला. पहिल्या वेळी गॅरेजवाल्याने बॅटरीवर १२ वाचलं आणि हल्लीच्या पद्धतीचं, बॉडीला मायनस धरणारं किट जोडलं. उलटा करंट गेल्यावर ते टिकणार कसं? दुसऱ्या वेळी त्याने बॅटरीच्या वायरी फिरवल्या. तिथवर बरोबर. पण वडिलांनी कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारं गुंडाळं, ६ व्होल्टचीच ठेवली होती आणि तिच्यात जास्त करंट जाऊ नये म्हणून अलीकडे चिनी मातीचा एक पांढरा रेझिस्टर लावला होता. बोटाएवढा, मागून काळा पडलेला, जळल्यासारखा दिसणारा. गॅरेजवाल्याने तो निकामी समजून काढून टाकला. मी कॉइलला मीटर लावला तर १.३ ओहम! बाराला एक पूर्णांक तीनने भागा, नऊ अँपिअरच्या वर करंट. किटच्या कागदावर बारीक इंग्रजीत छापलं होतं की कॉइल कमीत कमी ३ ओहमची हवी. तो रेझिस्टर जागेवर असता तर ट्रक घाट चढून गेला असता.

मी आधी प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि रोटरची दांडी दोन बोटांत धरून हलवली. बुश झिजलेली असली की दांडी आडवी डुलते, पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतो आणि इंजिन मिसिंग करतं. लोक त्याला करंट कमी आहे म्हणतात. सुदैवाने इथे बुश घट्ट होती. खालची अॅडव्हान्सची, म्हणजे इंजिनचा वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं मात्र वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकली होती. ती रॉकेलने धुऊन मोकळी केली. मग किट बाजूला ठेवून जुनेच पॉइंट आणि पॉइंट जळू न देणारा जुनाच कंडेन्सर लावला, गॅप वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), आणि पॉइंटला बल्ब जोडून हँडल हळूहळू फिरवलं. बल्ब ज्या क्षणी लागतो त्या क्षणी पॉइंट उघडलेला असतो, टायमिंग तिथे बघायचं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. जुन्या सामानावर इंजिन नीट चाललं, तेव्हा बाकी सगळं ठीक आहे याची मला खात्री पटली. त्यानंतरच नव्याला हात घातला.

बॉडीला मायनस ठेवला, अॅमीटरच्या दोन वायरी आपसांत बदलल्या, तशाच कॉइलच्याही, डायनामोच्या फिल्डला बॅटरीचा क्षणभर झटका देऊन त्याची दिशा नव्याने ठरवली, ३ ओहमची १२ व्होल्ट कॉइल बसवली आणि मग तिसरं किट. हँडलच्या पहिल्या झटक्याला ट्रक लागला. नातू बॉनेटला हात लावून कितीतरी वेळ नुसता उभा होता.

किट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पॉइंट घासणं, गॅप धरणं, पावसाळ्यात सकाळी सकाळी कंडेन्सर बदलत बसणं, हे सगळं त्यामुळे खरोखर वाचतं. हल्ली मिळणारे काही नवे कंडेन्सर पंधरा दिवसही जात नाहीत, त्यापेक्षा किट शंभर पटीने बरं. पण साठ-सत्तर वर्षांत त्या गाडीवर तीन पिढ्यांनी हात फिरवलेला असतो. पाटीवर लिहिलेलं इंजिन आणि आत असलेलं सामान यांचा मेळ बसेलच असं नाही.

म्हणून किट विकणाऱ्यांना विनंती, की किती व्होल्ट, बॉडीला प्लस की मायनस आणि कॉइल किती ओहमची, एवढ्या तीन गोष्टी खोक्यावर ठळक मराठीत छापा. आयटीआयच्या शिक्षकांनाही सांगणं आहे. नव्या गाडीचा दोष दाखवणारा स्कॅनर शिकवा, पण वर्षातून एक दिवस मुलांच्या हातात जुना डिस्ट्रिब्युटर आणि बल्ब द्या. या ट्रकला स्कॅनर लावायला जागाच नाही, तिथे बोटं आणि मीटरच लागतात.

आणि मालकांनो, गाडीत जे बदलाल ते लिहून ठेवा. वडिलांनी रेझिस्टरशेजारी ‘काढू नये’ एवढी चिठ्ठी जरी बांधली असती, तरी दुसरं किट वाचलं असतं. जुना डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, प्लेट भंगारात घालू नका. नातवाचे पॉइंट आणि कंडेन्सर मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटखाली ठेवले आहेत, सोबत गॅप मोजायचं फिलर गेज आणि वायरिंगचं हाताने काढलेलं चित्र. रस्त्यात किट दगा देईल, तर अर्ध्या तासात ते परत बसवता येतील.

आपला,
एक वाचक, ऑटो इलेक्ट्रिशियन, कराड