बर्नच्या मावशींना, डोंबिवलीहून

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

पत्र उघड लिहितोय, त्याला कारण तुम्हीच. निघताना फोनवर म्हणालात, "मला काही पाठवू नका. घरात जागा नाही. पुढे कुणी विचारलं तर त्याला सांगा, झालं." आता आमच्या स्वित्झर्लंडच्या स्कीइंग सहलीबद्दल विचारणारे इतके झालेत की प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा तुमचे आभार सगळ्यांसमोरच मानावेत असं ठरवलं.

तुमची-माझी ओळख म्हणजे तुमची भाची माझ्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते, एवढीच. मी तुम्हाला पहिल्यांदा पाठवलेला बेत आठवतोय? नाताळच्या सुट्टीत दहा दिवस, त्यात पॅरिस, झरमॅट, इन्सब्रुक आणि व्हेनिस, आणि मध्ये कुठेतरी "दोन दिवस स्कीइंग". तुम्ही तो वाचलात आणि एकच प्रश्न विचारलात : "बॅगा कोण उचलणार?" त्यानंतर महिनाभर तुम्ही आम्हाला जे दिलंत ते मुख्यतः नकारच होते. नाताळात नको. चार देश नकोत. तूप नको. दोन मोजे नकोत. ते नकार होते म्हणूनच ही सहल सहलीसारखी झाली.

नाताळचा नकार मला सगळ्यात जड गेला, कारण मुलांची शाळा. तुम्ही समजावलंत की नाताळ ते नवीन वर्ष हा आल्प्समधला सगळ्यात महाग आठवडा, आणि खालच्या गावांत तेव्हा पुरेसा बर्फ असेलच असं नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्याचं उदाहरण दिलंत. तेव्हा नववर्षाला कितीतरी ठिकाणी हिरव्या डोंगरावर कृत्रिम बर्फाचा एक पांढरा पट्टा तेवढा होता. फेब्रुवारीत स्विस शाळांची हिवाळी सुट्टी, 'स्पोर्टफेरियन', तीही कँटनाकँटनात (म्हणजे तिथल्या प्रांतांत) वेगवेगळ्या आठवड्यांत. शिवाय फ्रेंच आणि इंग्रज शाळांची सुट्टी त्याच सुमाराला. मार्च चांगला, पण आमच्याकडे परीक्षा. उरला जानेवारीचा उत्तरार्ध. त्यातही तुमची पुस्ती : वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की शर्यत जानेवारीच्या मध्यावर असते, तेव्हा खोली मिळणार नाही, ती संपल्यावरच या. शाळेत अर्ज देताना "कौटुंबिक कारण" लिहिलं. खोटं नव्हतं.

गावही तुम्हीच ठरवलंत. वेंगेन, १२७४ मीटर, गाड्यांना बंदी, वर जायला फक्त दातेरी रुळांची रेल्वे. झरमॅटचं नाव मी सोडत नव्हतो. तुम्ही म्हणालात, "तिथला मॅटरहॉर्न डोंगर कुठे पळत नाही. तुमच्याबरोबर एकाहत्तर वर्षांच्या बाई आहेत, आणि चौघांपैकी एकानंही पायाला स्की लावलेली नाही. शिकण्याचा उतार गावाच्या मधोमध हवा." तो खरंच मधोमध निघाला. आई खिडकीत चहा घेऊन बसायची आणि मी किती वेळा पडलो ते मोजायची.

व्हिसाबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत, पण बोललात ते कामाचं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून शेवटच्या पंधरवड्याची वाट बघू नका. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करा. आणि विमा. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते माझ्या पॉलिसीत होतंच, म्हणून मी निर्धास्त. तुम्ही मात्र सगळी फाइल मागवून घेतलीत आणि रात्री फोन केलात : "एकोणिसावं पान काढा." त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हिवाळी खेळांतली दुखापत वगळली आहे. म्हणजे आम्ही ज्यासाठी जात होतो, नेमकं तेच सोडून बाकी सगळ्याचा विमा! थोडे जास्त पैसे भरून ते कलम घालून घेतलं, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात येतो का, हेही लेखी विचारलं. सुदैवाने तो कागद उघडावा लागला नाही.

आता बर्न स्टेशन. गाडी बदलायला आमच्याकडे जेमतेम दहा मिनिटं होती, आणि फलाटावर तुम्ही निळी पिशवी घेऊन उभ्या. तुमच्या मुलांचे लहानपणचे हातमोजे, दोन गॉगल, एक स्कीची पँट. ती माझ्या लेकाला अशी बसली की जणू मापाने शिवली होती. आईने वाकून तुमचा हात हातात घेतला आणि तुम्ही दोघी एकदम मिरजेबद्दल बोलायला लागलात. मी घड्याळाकडे बघत होतो. तुम्ही शेवटच्या क्षणी ओरडलात, "इंटरलाकेनहून निघालेली गाडी पुढे तुटते! डब्यावरची पाटी बघून चढा!" डोंबिवलीकराला डब्याचं महत्त्व सांगायला नको, तरी तुम्ही म्हणाला नसतात तर आम्ही चुकलो असतो. त्स्वाइल्युचिनेनला खरोखरच गाडीचे दोन भाग झाले, एक ग्रिंडेलवाल्डकडे गेला आणि आम्ही लाउटरब्रुनेनकडे. आमच्या डब्यातलं एक जोडपं हातवारे करत खाली उडी मारून पळालं.

लाउटरब्रुनेनच्या दातेरी गाडीत आई म्हणाली, "ही तर उटीची गाडी." उटीच्या गाडीची जुनी वाफेची इंजिनं स्वित्झर्लंडमध्येच, विंटरथूरला बांधलेली आहेत हे मला तेव्हा सांगता आलं, आणि पूर्ण सहलीत मी एवढंच काय ते हुशारीचं बोललो.

तुम्ही विचारलेला सगळ्यात विचित्र वाटलेला प्रश्न : "घरातली शेगडी कुठली आहे?" घरमालकिणीला ईमेल केला. इंडक्शन. म्हणजे आमचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिथे शोभेपुरता. स्टीलचा नेला, म्हणून रोज संध्याकाळी वरण-भात मिळाला. दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिथे नेता येत नाहीत, हे आईला पटवणं हे खरं काम होतं. तिने भरलेली तुपाची बरणी मी विमानतळाकडे निघताना पिशवीतून काढली, तेव्हा ती ठाण्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी मात्र सुखरूप पोहोचली. थालिपिठावर स्विस लोणी वाईट लागत नाही, हे तिने तिसऱ्या दिवशी मान्य केलं.

आता माझा गुन्हा. तुम्ही बजावलं होतं की स्की भाड्याने घेताना वजन खरं सांगा. का, तेही सांगितलं होतं : वजन, उंची, वय आणि किती येतं त्यावरून ते बूट पकडून ठेवणाऱ्या खटक्याचा आकडा लावतात. आकडा जास्त असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो. कमी असेल तर नको तेव्हा सुटते. दुकानातल्या मुलीने विचारलं. मागे बायको उभी, शेजारी दोन तरुण जर्मन. मी ८४ चा माणूस ७६ म्हणालो. त्या दिवशी नुसतं वळायचं म्हटलं तरी माझी डावी स्की फट्कन सुटायची आणि मला मागे टाकून एकटीच उतरून जायची. चौथ्यांदा ती आणून देताना शिक्षकाने खटक्यावरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा आकड्याकडे. दुकानात परत. मी तोंड उघडायच्या आत बायकोने "एटी फोर" म्हणून टाकलं. मुलीने न हसता स्क्रूड्रायव्हर फिरवला.

बुटांचं मात्र सगळं तुमच्या शब्दाप्रमाणे केलं. एकच पातळ लांब मोजा, त्यात थर्मलची कड अडकवायची नाही, बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघा वाकवला की सुटावीत. आमच्याच वर्गातल्या एका गृहस्थांनी दोन लोकरी मोजे चढवले होते, रक्त अडून त्यांचीच बोटं सगळ्यात आधी गारठली.

शिकवणी पहिल्या दिवसापासून घ्या, नवऱ्याने बायकोला शिकवू नये, हेही तुमचंच. (नवऱ्यालाच येत नव्हतं, तो भाग वेगळा.) उतारावर वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर माझ्या पुढे-मागे चार वर्षांची मुलं, प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, एकाच्या तोंडात चोखणी. शिक्षक ओरडायचा "पिझ्झा!", म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवायची, की वेग कमी होतो. मुलं पिझ्झा करायची. माझा पिझ्झा व्हायला दोन दिवस लागले. म्हणूनच पूर्ण भागातल्या लिफ्टचा पाच दिवसांचा पास घरूनच काढू नका हा तुमचा सल्ला मोलाचा ठरला. पहिले दोन दिवस आम्ही त्या पट्ट्याच्या पलीकडे गेलोच नाही. निळ्या खुणेच्या सोप्या उतारावर चौथ्या दिवशी उतरलो, त्याहून अवघड लालकडे नुसतं पाहिलं, आणि काठ्यांच्या खुणेबाहेर पाऊल टाकलं नाही. पुढच्या माणसाचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने सांभाळायचं, हा तिथला नियम लेकीने मला घाट रस्त्यावर रोज ऐकवायला सुरुवात केली आहे.

मधला एक दिवस मोकळा ठेवा म्हणालात तेव्हा मला पैसे वाया जातील असं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना कळलं. मांड्या दगड झाल्या होत्या. त्या दिवशी म्यूरेनला गेलो. १९२२ साली आर्नल्ड लन या इंग्रजाने आधुनिक स्लॅलमची (खांबांमधून नागमोडी उतरण्याची) पहिली शर्यत तिथे लावली, आणि हा माणूस जन्मला मद्रासला! लेकाने लगेच जाहीर केलं की मग स्कीइंग आपलंच.

आईसाठी तुम्ही वेगळा कागद लिहिला होतात. गुलाबी पाट्यांचे रस्ते हिवाळ्यात चालण्यासाठी राखलेले असतात, तेच धरा. युंगफ्राउयोख हे डोंगरातलं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर, रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डॉक्टर "बघा" म्हणाले, म्हणून आम्ही गेलोच नाही, आणि खिशाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याऐवजी ती क्लाइने शायडेगला गेली, २०६१ मीटर, आणि आयगर डोंगराच्या काळ्या भिंतीसमोर उन्हात खुर्ची टाकून गरम चॉकलेट घेत दोन तास बसली. शेजारच्या स्विस आजींशी कुठल्या भाषेत बोलली ते मी विचारलं नाही. परत येताना दोघींच्या लोकरीच्या टोप्यांची अदलाबदल झालेली होती.

एक तुमचं ऐकायचं राहून गेलं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला लावा, बर्फ ऊन खालून वर फेकतो. लेकाने कपाळ-गालांना लावलं आणि तेवढ्यावर थांबला. आठवडाभर नाकपुड्या लालभडक घेऊन शाळेत फिरत होता.

गॉगल आणि हातमोजे धुऊन, तुमच्या निळ्या पिशवीत तसेच भरून ठेवलेत. पँट मात्र मुलगा परत द्यायला तयार नाही. भाची म्हणाली, मे महिन्यात येताय. आईने भाजणी वेगळी काढून ठेवली आहे, ती खुशाल घेऊन जा. तूप इथेच खा.

आपला,
तुमच्या भाचीच्या शेजारच्या टेबलावरचा, खरं वजन ८४