पाला द'ओरो पाहून आल्यावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

व्हेनिसला जाऊन आलो हे फोनवर सांगितलंच, पण एका गोष्टीबद्दल मुद्दाम बोललो नाही. ती तुला निवांत लिहूनच कळवायची होती. गुजरीत बसून सोन्याचं काम करणाऱ्या माणसाने पाला द'ओरो, म्हणजे चर्चच्या वेदीमागचा तो सोन्याचा फलक, पाहायलाच हवा.

सेंट मार्कच्या चर्चमध्ये मुख्य वेदीमागे तो उभा आहे. रुंदी तीन मीटरच्या वर, उंची दोन मीटर. मुलामा दिलेल्या चांदीची चौकट, त्यात मोती, पाचू, नीलम, तामडे असे जवळपास दोन हजार खडे आणि अडीचशेच्या आसपास मीनाकारीची चित्रं. खड्यांकडे मी फारसं पाहिलंच नाही. मीनाकारी मात्र अशी, की तू तासभर हलला नसतास. सोन्याच्या पत्र्यावर अगदी बारीक पट्ट्या उभ्या झाळून घरं पाडायची, त्यात काचेची पूड भरायची, भट्टीत वितळवायची आणि मग घासून सपाट करायची. संतांच्या बोटांची पेरंसुद्धा त्या पट्ट्यांनी दाखवली आहेत रे!

पण हे सगळं एका वेळचं, एका हातचं नाही. 1105 मध्ये डोज ओर्देलाफो फालिएरने (डोज म्हणजे व्हेनिसचा सत्ताधीश) मीनाकारी कॉन्स्टँटिनोपलहून (आजचं इस्तंबूल, तेव्हाची बायझंटाईन साम्राज्याची राजधानी) करवून आणली. 1204 मध्ये क्रुसेडवाल्यांनी (ख्रिस्ती धर्मयुद्धाला निघालेल्या सैन्याने) व्हेनिसच्या जहाजांतून जाऊन तेच कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि 1209 मध्ये पालात नवी भर पडली. शेवटी 1345 मध्ये डोज आंद्रेआ दांदोलोच्या काळात बोनिन्सेन्या या सोनाराने सगळं नव्या गॉथिक चौकटीत बसवलं. सांधे लपलेले नाहीत. वरच्या ओळीत देवदूत मायकल आणि दोन्ही बाजूंना सणांची मोठी चित्रं. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत मुख्य सण बारा, इथे सहाच. खालच्या चित्रांपेक्षा ती इतकी मोठी, की दुसऱ्या कुठल्या तरी जागेसाठी घडवली होती हे पाहताक्षणी कळतं.

खाली फालिएर स्वतः आहे, डोक्यामागे प्रभावळ घेऊन. डोजला कसली प्रभावळ? त्याचं डोकं नंतर बदललेलं आहे. मूळचं चित्र बायझंटाईन सम्राटाचं असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. दुसऱ्या बाजूची सम्राज्ञी आयरीन मात्र तशीच राहिली. आणखी एक, सेंट मार्कच्या कथेची चित्रं आहेत त्यात त्याचा देह अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला आणल्याचाही प्रसंग आहे. तोही पळवूनच आणलेला, नवव्या शतकात. व्हेनिसला त्याची लाज नव्हती, उलट अभिमान होता.

मला सर्वांत लागलं ते 1438 चं. कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (तिथल्या चर्चचे प्रमुख) चर्चच्या परिषदेसाठी इटलीत आले, तेव्हा त्यांच्या मंडळींना हा पाला दाखवला. सोबत सिरोपुलोस नावाचा धर्माधिकारी होता, त्याने लिहून ठेवलंय. यजमानांपैकी काहींचं म्हणणं, हे कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मोठ्या चर्चमधून आलं. पाहुण्यांनी त्यावरचा मजकूर वाचला, कोम्नेनोस या बायझंटाईन राजघराण्यातल्यांची चित्रं ओळखली आणि ठरवलं की हे आपल्या पॅन्टोक्रेटर मठातलं. ज्यांच्याकडे या वस्तू आहेत त्यांना आनंद, ज्यांच्या गेल्या त्यांना दुःख, असं तो लिहितो. सव्वादोनशे वर्षांनी आपल्या घरातली वस्तू परक्याच्या वेदीवर पाहायची आणि पाहुणा म्हणून गप्प उभं राहायचं! मला पाला अतिशय सुंदर वाटला, आजही वाटतो. पण ती वरची ओळ मला निव्वळ सुंदर म्हणून पाहता येत नाही. तिच्याखाली ती कुठून आली हे ठळक लिहिलेलं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तू गेलास तर वेगळं तिकीट काढावं लागेल. गर्दी पुढे ढकलते, तरी वरच्या ओळीपासून सुरुवात कर. आणि भट्टीत तांबडा रंग कसा टिकवला असेल, ते मला समजावून सांग.

पॅन्टोक्रेटरची इमारत इस्तंबूलमध्ये अजून उभी आहे, आता झेय्रेक मशीद म्हणून. मला तिथे जायचंय. दिवाळीचा हंगाम संपला की दुकान आठवडाभर भावाकडे सोपवशील का? तसं कळव, म्हणजे दोघांची तिकिटं पाहतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना शेजारी